हिरव्या ठिपक्याची बाटली

"मध, मधमाशीचं काही, ताकदीचं काही?" डॉ. वृषाली सपकाळे यांनी विचारलं, आणि दवाखान्याच्या खोलीतले तिघेही हसले.

खाटेवरच्या प्रेमकुंवरबाईंचा खालचा ओठ अजून सुजलेला होता, त्यामुळे त्यांचं हसू एकाच बाजूला उमटलं. मुलगा अर्पित मान हलवत हसला. सून विधी पाण्याचा ग्लास धरून उभी होती, तीही हसली. सकाळपासून धास्तावलेल्या त्या घराला हसायला मिळालेलं ते पहिलंच निमित्त होतं.

"डॉक्टरीणबाई, आम्ही जैन," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता, पण रुबाब जागेवर होता. "मध? आमच्या घरात? माझ्या सासूने खोकल्याच्या औषधावर मध लिहिलंय म्हणून अख्खी बाटली मोरीत ओतली होती. मग महिनाभर खोकत बसली, पण ओतली."

"बरं. मग नवीन काय घेतलंत?"

"गुडघ्याची गोळी," अर्पित म्हणाला. "कालपासूनच सुरू केली. मी म्हटलंच होतं, मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेऊ नको."

डॉक्टरांनी गोळीचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. अशा वेदनाशामक गोळीने अंगावर गांधी उठतात, ओठ आणि घसा सुजतो, हे त्यांनी याआधी पाहिलं होतं. शिवाय प्रेमकुंवरबाईंना गाजर गवताची अ‍ॅलर्जी जुनी. पावसाळ्यानंतर ते गवत फुललं की त्यांची मान आणि कोपर लाल व्हायचे, शिंका थांबायच्या नाहीत. अशा माणसाने जपूनच राहावं, असं सांगून डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी बंद केली. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पाच दिवसांच्या लिहून दिल्या. पुन्हा असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक जवळच्या दवाखान्यात जा, असं बजावलं.

डॉक्टरांच्या प्रश्नाचे तीन भाग होते. उत्तर पहिल्याचंच मिळालं होतं. बाकीचे दोन हशात वाहून गेले, आणि ते त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या दिवशी घडलं ते असं. प्रेमकुंवरबाई रोज नवकारसी पाळत. म्हणजे सूर्य उगवल्यावर दोन घटका उलटेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही. आणि संध्याकाळी सूर्य मावळला की दुसऱ्या दिवसाच्या नवकारसीपर्यंत पुन्हा काही नाही. त्या दिवशीही नवकारसी झाल्यावर त्यांनी कोमट दूध घेतलं आणि त्याबरोबर गुडघ्याची गोळी. दुधात एक चमचा पुष्पपराग होता. थोड्याच वेळात तळहात खाजायला लागले. मग ओठ जड झाले, पोटावर आणि पाठीवर गांधी उठल्या आणि आवाज बसला. अर्पितने त्यांना गाडीत घातलं. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला.

पुष्पपराग विधीच्या कपाटातला होता.

जळगावच्या दाणाबाजारात त्यांचं डाळींचं दुकान. त्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात विधीने आठ महिन्यांपूर्वी काचेचं कपाट मांडलं होतं: अळशी, भोपळ्याच्या बिया, नाचणीची बिस्किटं. अर्पितला ते पसंत नव्हतं. "डाळीच्या दुकानात बिया विकणार. लोक म्हणतील, यांच्याकडे चिमण्या येतात का?" त्यावर प्रेमकुंवरबाईंनीच निकाल दिला होता. "हिने निवडलेलं मी डोळे मिटून खाईन. तू तुझी तूरडाळ सांभाळ." विधी ते वाक्य विसरली नव्हती.

एका दलालाने पोलन म्हणून पिवळ्या-तांबूस दाण्यांची पिशवी दाखवली, तेव्हा त्यांच्या घरात कुठल्याही नव्या पदार्थाला विचारले जातात ते सगळे प्रश्न विधीने विचारले. कॅप्सूल जिलेटीनची असते म्हणून कॅप्सूल नको, सुटे दाणेच हवेत. कांदा-लसूण? नाही. जमिनीखालचं काही? नाही. अंडं? नाही. पोलन म्हणजे पराग, पराग फुलातला, म्हणजे केशरासारखं काहीतरी, बाया फुलं तोडून झटकत असतील, अशी तिने मनाशी समजूत करून घेतली. लेबल तिनेच लिहिलं: 'पुष्पपराग. फुलांचं सत्त्व. कांदा-लसूण नाही. जिलेटीन नाही.' कोपऱ्यात शाकाहाराचा हिरवा ठिपका. तो ठिपका नियमाने बरोबरच होता. कायद्याला मधही शाकाहारीच वाटतो. जैनांना तो वाटत नाही, एवढाच फरक, पण तो ठिपक्यात दिसत नाही.

बाटल्या चांगल्या खपत होत्या. प्रेमकुंवरबाई आधी चिमूटभर घ्यायच्या, मग पाव चमचा. आजारी पडल्या त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण चमचा घेतला होता.

दवाखान्याच्या गोळ्या सुरू असताना त्यांनी पुष्पपराग थांबवला. "एका वेळी एकच डॉक्टर," त्या म्हणाल्या. "या गोळ्या संपल्या की पराग सुरू. अशक्तपणा आलाय." गोळ्या संपल्या त्या दिवशी त्या धुळ्याला भावाकडे निघाल्या. पिशवीत स्वतःची बाटली होती, आणि भावाच्या पाचव्या गल्लीतल्या नि आसपासच्या ओळखीच्या बायकांना द्यायला म्हणून खोकाभर आणखी बाटल्या. विधीनेच गाडी चालवली. सासूबाईंना धुळ्याला सोडून तिला पुढे शिंदखेड्याला जायचं होतं. जिथून माल येतो ते शेत दाखवणारं रील तिला दुकानासाठी काढायचं होतं. फुलं तोडणाऱ्या बाया, टोपल्या, ऊन. सगळं तिच्या डोळ्यासमोर तयार होतं.

"माझं नाव घाल त्या रीलमध्ये," गाडीतून उतरताना प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "म्हणावं, सासू स्वतः खाते."

*

शिंदखेड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, चुडामण तिची वाट पाहत उभा होता. चाळिशीचा गडी. डोक्यावर जाळीची टोपी, ती मागे सरकवलेली.

"या ताई, या! रील काढनी शे ना? मी सकायलेच दाढी करी लिधी."

विधीने आजूबाजूला पाहिलं. शेतात गुडघ्याएवढ्या हिरव्या दांड्यांवर पांढरे गोल चेंडू डुलत होते. बांधाच्या कडेला रंगीत लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. दुसरं माणूस एकही नाही.

"फुलं तोडणाऱ्या बाया कुठे आहेत?"

"कसान्या बाया?"

"फुलं कोण तोडतं मग?"

चुडामण मोठ्याने हसला आणि त्याने पेट्यांकडे हात केला. "ह्या काय, बठ्ठ्या कामवर शेतस! रजा नही, संप नही." मग त्याने घसा साफ केला. "थांबा, रीलसाठी शुद्ध मराठीत सांगतो. चालू केला का?"

विधीचा मोबाइल चालूच होता.

"तर, ही मधमाशांची पेटी. माशी फुलांवर जाऊन येते तेव्हा तिच्या मागच्या पायांना परागाच्या गोळ्या असतात. दाराला आपण ही भोकांची जाळी लावतो. माशी अंग चोरून आत शिरते, गोळी अडकते, निखळते आणि खालच्या ट्रेमध्ये पडते. हा ट्रे." त्याने तो बाहेर ओढला. पिवळे-तांबूस दाणे. विधीच्या बाटलीत होते तेच. "सावलीत सुकवायचे, निवडायचे, भरायचे. झाला माल."

"पण त्या गोळ्या... पराग तर भुकटीसारखा असतो ना? मग गोळी कशी होते?"

"माशीच वळते. पोटात आणलेला मधुरस तोंडाने लावते. त्याशिवाय चिकटायची कशी?"

विधीने मोबाइल खाली घेतला.

"हे शेत कसलं आहे?" तिने विचारलं. विचारताना तिला ते पांढरे चेंडू कुठेतरी पाहिल्यासारखे वाटायला लागले होते.

"कांद्याचं. बियाण्यासाठी फुलवलेले डोंगळे हे. माशी नसली तर बी भरत नाही, म्हणून शेतकरी बोलावतात."

कांदा-लसूण नाही, असं विधीच्या अक्षरात लिहिलेलं लेबल जळगावात शंभरेक घरांत होतं.

"म्हणजे हा सगळा कांद्याचा पराग?"

"नुसता कांद्याचा कसा? माशीला कोण सांगणार, इकडे जा, तिकडे नको. पलीकडे सूर्यफूल आहे. बांधावर गाजर गवत आहे, पाणी मिळालं की ते बाराही महिने फुलतं. जे फुलेल ते येतं." विधीचा चेहरा पाहून त्याने शुद्ध मराठी सोडली. "ताई, काय व्हयनं? माल चोखा शे. मी सोता रोज खास. माले काय व्हस?"

"तुम्हाला काही होत नसेल," विधी म्हणाली. "मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही इचारं व्हतं का?"

तिने विचारलं नव्हतं. जमिनीखालच्या गोष्टींबद्दल विचारलं होतं, कोंबडीच्या अंड्याबद्दल विचारलं होतं, कॅप्सूलच्या सालीबद्दलही. ज्या घरात मध कधी आलाच नाही, त्या घरातल्या प्रश्नांमध्ये मधमाशी नव्हती.

चुडामणला ती नीट निरोप देऊन निघाली. त्याची चूक नव्हती.

*

सोनगीर फाट्यावर तिने गाडी बाजूला घेतली. दिवस कलला होता. धुळ्यात आता घरची सगळी सूर्यास्ताआधीचं जेवण उरकत असतील. त्यानंतर सासूबाई पाणीही घेणार नाहीत, आणि चमचा हातात घेणार त्या उद्याच्या नवकारसीनंतरच. तेवढा वेळ हातात आहे, हे कळल्यावर तिचं डोकं थंडपणे चालायला लागलं. तिने आधी अर्पितला फोन केला.

अर्पितने सगळं ऐकून घेतलं. "एक काम कर," तो म्हणाला. "सांग, बॅच खराब निघाली. बाटल्या गोळा कर आणि घरी ये. विषय संपला. मध खाल्ला म्हणून कळलं ना, तर मम्मी अन्न सोडून बसेल. आत्ताच तर उठली आहे आजारातून. आणि तुझ्यावर तिचा विश्वास... जाऊ दे. बॅच खराब, एवढंच सांग."

ते सोपं होतं. विधीने दुसरा फोन डॉ. वृषालींना केला.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही मध म्हणालात. आम्ही हसलो."

"हो. हसलात. आणि मीही पुढे विचारलं नाही." मग त्या सरळ कामावर आल्या. "तपासणी केल्याशिवाय मी शंभर टक्के म्हणणार नाही. त्या गोळीनेही झालं असेल. पण गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या बाईने असा पराग चमचाभर घेतला आणि तिचा घसा सुजला, तर माझं बोट आधी परागावर जाईल. त्यांनी तो पुन्हा घ्यायचा नाही. चिमूटभरही नाही. पुढच्या वेळी हे आणखी वेगाने आणि जोराने होऊ शकतं. घरात अजून कोण घेतं?"

"मी घेते. मला काही झालं नाही."

"बहुतेकांना काही होत नाही. म्हणूनच तर ते खपतं. आणखी कोण?"

"धुळ्याचे मामासा, सासूबाईंचे भाऊ. दिवाळीनंतर मीच बाटली पाठवली होती." आणि बोलता बोलता तिला आठवलं. "त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे."

"रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे?"

"हो."

"परागाने त्या गोळीचा असर वाढल्याचं लिहून ठेवलेलं आहे. असे दाखले फार नाहीत, पण आहेत. त्यांनी पराग बंद करायचा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हे दोन्ही नीट सांगा. उद्याच रक्त तपासायला सांगा, आणि त्यांच्या डॉक्टरांना खरं काय ते कळू द्या."

"मी बॅच खराब आहे असं सांगितलं तर?"

"तर त्या चांगल्या बॅचची वाट पाहतील," डॉक्टर म्हणाल्या. "आणि नाही मिळाली तर दुसऱ्या कंपनीची घेतील. ज्याचं नावच माहीत नाही, त्यापासून माणूस दूर कसा राहणार?"

विधीने गाडी धुळ्याकडे वळवली. अर्पितला तिने पुन्हा फोन केला नाही.

*

ती पाचव्या गल्लीत पोहोचली तेव्हा सूर्य मावळला होता. ओट्यावर प्रेमकुंवरबाई, त्यांचे भाऊ कांतीलाल आणि भावजय झुंबरबाई बसले होते.

"जेवलीस?" झुंबरबाईंनी विचारलं.

"नाही, मामीसा."

"मग आता राहिलं. शिंदखेड्याला फुलंच खाल्लीस का?"

"मम्मीजी, जरा आत येता?" विधी म्हणाली. "बोलायचं आहे."

"जे असेल ते इथेच बोल," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "कोपऱ्यात जाऊन बोलायला आपण काय सोयरीक जुळवतोय?"

विधी समोर बसली आणि तिने सांगितलं. पेट्या, जाळी, माशीचे पाय, तोंडाने लावलेला मधुरस. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. तुम्हाला त्या दिवशी झालं ते बहुतेक यानेच झालं, आणि पुन्हा घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हेही सांगितलं.

मग झुंबरबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "अरिहंत, अरिहंत! बाईसा, सुनेनं तुम्हाला मध चारला!"

"तू गप गं," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. त्यांची नजर विधीवरून हलली नव्हती. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"विचारलं होतंस?"

"मधमाशीचं नव्हतं विचारलं. कांद्याचं विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

"कांदा नाही म्हणाले."

"मग?"

"पेट्या कांद्याच्याच शेतात आहेत, मम्मीजी."

कांतीलाल इतका वेळ गंभीर होते. आता त्यांच्या पोटातून हसू उसळलं आणि त्यांनी उपरणं तोंडावर धरलं.

"म्हणजे मी मध खाल्ला," प्रेमकुंवरबाई सावकाश म्हणाल्या, "आणि तोही कांद्याचा."

विधी वाट पाहत होती. अर्पित म्हणाला होता ते होईल, या अन्न सोडतील, किंवा तिच्याशी बोलणं सोडतील. दोन्हींची तिने वाटेत तयारी केली होती.

"नकळत खाल्लं त्याचं प्रायश्चित्त साध्वी महासतीजी सांगतील, ते मी करीन," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "त्याला वाट आहे. मला खुपतंय ते दुसरंच. जन्मभर मी भाजीवाल्याला प्रश्न विचारले, हलवायाला विचारले. लग्नात आचाऱ्याच्या कढईत डोकावले. लोक मला हसले, मी विचारत राहिले. आणि एका बाईने माझ्या जिवासाठी मला एक प्रश्न विचारला, तर मी खाटेवर पडून तिला हसले."

"तुम्ही एकट्या नाही," विधी म्हणाली. "आम्ही सगळेच हसलो."

"तुम्ही माझं बघून हसलात."

विधी कांतीलालांकडे वळली. "मामासा, तुम्हीही बंद करा. तुमच्या रक्त पातळ करण्याच्या गोळीचा असर याने वाढू शकतो, असं डॉक्टर म्हणतात. नक्की नाही, पण उद्याच रक्त तपासा. आणि गोळी मात्र चालू ठेवा, ती आपल्या मनाने सोडायची नाही."

कांतीलालांचं हसू थांबलं. त्यांनी बाही वर केली. दंडावर निळसर डाग होते, एक ताजा, दोन पिवळे पडत आलेले. "मी म्हणत होतो, झोपेत पलंग लागतो."

"पलंग!" झुंबरबाई म्हणाल्या. या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "उद्या सकाळी आधी रक्त. मग दुकान."

प्रेमकुंवरबाई ताठ बसल्या. "आज दुपारी मी बाटल्या वाटल्या. सगळ्या जणी उद्या नवकारसीनंतर सुरू करणार म्हणाल्या. त्याआधी मी प्रत्येकीच्या दारात उभी राहीन. फोनवर नको, फोनवर बायका अर्धंच ऐकतात." मग त्या थांबल्या. "पण कमल. कमलबाईला आत्ताच फोन लाव. ती रात्री दूध पिते."

"कमलबाई? चौविहार करते ती, सूर्यास्तानंतर पाणीही नाही!" झुंबरबाई म्हणाल्या.

"करते म्हणते. लाव फोन."

विधीने फोन लावून दिला. प्रेमकुंवरबाईंनी एका दमात सांगितलं: बाटली उघडू नको, त्यात मधमाशीचं आहे, सकाळी येऊन घेऊन जाते. पलीकडून कमलबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "पण मी कुठे रात्री काही घेते, बाई!"

"बरोबर. जे तू घेत नाहीस, ते आज घेऊ नको."

फोन ठेवल्यावर विधीने विचारायचं होतं ते विचारून टाकलं. "मम्मीजी, कपाट बंद करू?"

"कपाटाने काय केलं? प्रश्न कमी पडला, तो वाढव. आणि हा माल काढ, जळगावात ज्यांनी नेला त्यांनाही कळव. ज्याला चालतो त्याने खावा, माशीचं नाव वाचून खावा. आपल्या दुकानात नको."

*

दुसऱ्या दिवशी सामायिकाचं ध्यान आटोपून प्रेमकुंवरबाई चपला घालून तयार होत्या. मागे कापडी पिशवी घेऊन विधी. पहिल्या दारात त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्या दारात जरा मोकळेपणाने. चौथ्या गल्लीत पोहोचेपर्यंत त्या दारातूनच हाक मारू लागल्या होत्या. "बाटली आण गं. मी मध खाल्ला!"

काही बायकांनी कानांना हात लावले. काहींनी मुकाट्याने बाटली आणून दिली. एकीने विचारलं, दमा असलेल्या माणसाने घेतलं तर? विधी म्हणाली, त्याने तर मुळीच नाही. त्या बाईने आत जाऊन आपल्या नवऱ्याच्या उशाजवळची दुसरी बाटलीही आणली. ती धुळ्यातल्याच कुठल्याशा दुकानातली होती. तिच्यावर मधमाशीचं चित्र होतं, तरी ती त्या घरात होती. कुणी चित्राकडे पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी हिरवा ठिपका पाहिला होता.

कमलबाईंची बाटली उघडलेली निघाली.

"वास घेतला फक्त," कमलबाई म्हणाल्या.

"वास चमच्याने घेतलास का? चमचा ओला आहे."

"बाई, पण मला बरं वाटलं हो. रात्री गाढ झोप लागली."

"मलाही फार बरं वाटत होतं," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "मग जीभ तोंडात मावेना. अंगाला खाज? घशाला काही?"

"काही नाही."

"मग तुझं नशीब. आण इकडे."

निरोप सगळ्या दारांत वेळेत पोहोचला होता, पण बाटल्या गोळा करता करता नवकारसी केव्हाच होऊन गेली होती. विधीने दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं: आधी बाटल्या. शेवटची पिशवीत पडल्यावर त्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

डॉ. वृषाली दवाखान्यातच होत्या.

"डॉक्टरीणबाई, मी प्रेमकुंवर. तुमचा तो प्रश्न परत विचारा."

"कुठला?"

"मी हसले होते तो."

थोडा वेळ लागला, पण डॉक्टरांना आठवला. त्यांनी तो तसाच्या तसा विचारला. "मध, मधमाशीचं काही, ताकदीचं काही?"

"मध नाही," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "मधमाशीचं, हो. पराग. ताकदीचं म्हणूनच घेतलं. आधी चिमूट, मग पाव चमचा, त्या दिवशी पूर्ण चमचा, दुधातून. त्यात गाजर गवताचाही होता, असं कळलं. माझ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. मी विसरले तरी कागद विसरायला नको."

"लिहिलं. जळगावला आलात की तपासणीही करून घेऊ. तोवर पराग, मध, मधमाशीचं कुठलंही औषध नाही."

"मध माझ्याकडून आधीच बंद आहे," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "आता बाकीचंही. आणि गुडघ्याची गोळी सुरू करू? ती बिचारी उगाच बदनाम झाली."

"अजिबात नाही. ती निर्दोष आहे असं मी म्हटलेलं नाही. तीही तपासल्याशिवाय नाही."

"बरं," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. उलट उत्तर न देता 'बरं' म्हणताना विधीने त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारी कांतीलालांच्या रक्ताचा आकडा आला. रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ झालं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी पराग बंद ठेवून आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं. दोष परागाचाच होता का, हे कुणी ठामपणे सांगितलं नाही.

पण ते दुपारचं. सकाळी, फोन ठेवल्यावर, विधीने आतून दुधाचा पेला आणून सासूबाईंसमोर ठेवला. प्रेमकुंवरबाईंनी तो उचलला, ओठांजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"यात काय आहे?"

"दूध."

"आणि?"

"साखर."

"आणि?"

"आणि काही नाही, मम्मीजी."

प्रेमकुंवरबाईंनी डोळे उघडे ठेवून पेला रिकामा केला.